पाहुण्यांच्या हस्ते

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. तिथे सरांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, एक पांढरं खोकं कितीतरी महिने बसून होतं. बसून म्हणजे अगदी मखरात बसल्यासारखं. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघायचा, सर कौतुकाने माहिती सांगायचे, कोणी मोबाइलवर फोटो काढायचा. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. शस्त्रांची पूजा करतात ना, तशी. आता मला सांगा, जे शस्त्र म्यानातून एकदासुद्धा बाहेर आलं नाही, त्याची कसली डोंबलाची पूजा? पण सगळ्यांसमोर काय बोलणार. पेढा खाल्ला आणि घरी येऊन नवऱ्यावर डाफरले.

मी नर्स आहे. नाव ज्ञानेश्वरी, पण गावोगावच्या बायका मला शिस्टर म्हणतात. माझ्या तोंडाला लगाम नाही असं माझी सासू म्हणायची. तेवढ्या एका बाबतीत तिचं आणि माझं एकमत होतं.

आमचा प्रकल्प नॉर्वेच्या एका संस्थेबरोबरचा. नाव एवढं लांबलचक की बॅनरवर दोन ओळींत मावत नाही: आंतरराष्ट्रीय सहकार्यातून महिला प्रजनन आरोग्य आणि लिंगसमानता. साध्या भाषेत सांगायचं तर बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच धरायचा. तपासणी सोपी आहे. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरचा बोळा लावायचा, थोडं थांबायचं आणि बघायचं. कुठे पांढरा डाग उठला तर समजायचं की इथे पुढेमागे गडबड होऊ शकते. आज कॅन्सर नाही, पण दुर्लक्ष केलं तर काही वर्षांनी होईल. तो डाग जिथल्या तिथे गरम टोकाने जाळून टाकायचा. त्यासाठी ते खोक्यातलं मशीन. भूल नाही, टाके नाहीत, बाई चालत येते आणि चालत घरी जाते. पिशवी जागेवर राहते, पुढे मूलबाळ हवं असेल तर तेही होतं.

ह्याचं ट्रेनिंग मुंबईला झालं. शिकवायला नॉर्वेवाल्यांनी कोणाला पाठवावं, तर आफ्रिकेतल्या मलावीमधल्या ग्रेस नावाच्या नर्सला. ठेंगणीठुसकी, हसरी, आणि बोलायला माझ्याहून फटकळ. ती म्हणाली, आमच्याकडे वीज जाते, रस्ते जातात, पण हे मशीन बॅटरीवर चालतं. मी ते पिशवीत घालते, सायकलच्या हँडलला अडकवते आणि वाडीवाडीत जाते. झाडाखाली पडदा लावते आणि कामाला लागते. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. म्हटलं, हिला जमतं तर आपल्याला का नाही जमणार? आपल्याकडे तर जीप आहे.

मे महिन्यात आम्ही संगमेश्वरच्या आतल्या एका गावात शिबिर घेतलं. तिथे गंगा आली. तिशीतली, काटक, काजूच्या कारखान्यात काम करून हाताची सालटं निघालेली. नवरा बाळा मुंबईला हॉटेलात. पदरात एक मुलगी, सानवी, आणि दुसऱ्या मुलाची आस. मी तपासलं तर पांढरा डाग. मोठा नव्हता, मशीनच्या टोकाखाली सहज मावला असता. मी तिला समजावून सांगितलं, घाबरायचं काही कारण नाही, मशीन येतंच आहे, आलं की पहिली तूच. ती खुदकन हसली. म्हणाली, पहिली? मग माला फेटा बांदाल.

नंतर ती सासूबरोबर कुठल्याशा खाजगी डॉक्टरकडे गेली. त्याने आपलं नेहमीचं सांगितलं: कॅन्सर होणार, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आमच्याकडे बायकांच्या पिशव्या काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालं आहे. थोडं दुखलं, काढा. पांढरं जातंय, काढा. सासूला ते पटलं. एक नात आहे, आता बाकी काय करायचं आहे, असं ती म्हणाली. गंगाला मात्र पटेना. तिला अजून एक मूल हवं होतं, आणि नुसतं तेवढंच नाही, आपल्या अंगातली चांगली वस्तू का काढून द्यायची, असं तिचं म्हणणं होतं. ती सासूशी भांडली. नवऱ्याशी फोनवर भांडली. कोणाच्या जोरावर, तर माझ्या. शिस्टर म्हणते थांब, म्हणून मी थांबलंय, असं ती घरात सांगायची.

कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेऊ का, असं मी तिला विचारलं होतं. तर ती म्हणाली, तुमचं मशीन येतंय ना? मग दोन दिवस कारखान्यातून रजा काढून कशाला घाट चढायचा. बरोबरच होतं तिचं. मशीन आलंसुद्धा. जूनमध्ये, ठरल्या दिवशी, नीट पॅक होऊन.

मी त्याच दिवशी सरांकडे गेले आणि म्हटलं, उद्या गंगाला बोलावते. मी लग्नाआधीच बाळंतपणाचं विचारावं तसे सर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, अहो शिस्टर, उद्घाटन व्हायचंय अजून. नॉर्वेहून मारिट मॅडम येतील, त्यांच्या हस्ते खोकं उघडायचं. त्यांनी दिलेली वस्तू, त्यांच्या आधी आपण कशी वापरायची? बरं दिसतं का ते?

आमचे विनीत सर वाईट माणूस नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. संस्था त्यांनी स्वतः उभी केली, स्वतःच्या स्कूटरवर फिरून. पण त्यांना एकदा चांगलाच चटका बसला होता. फार वर्षांपूर्वी एका गावात त्यांनी पाण्याची टाकी बांधली, आणि पुढाऱ्याने येऊन नळ सोडायच्या आधीच बायका पाणी भरायला लागल्या. उन्हाळा होता, काय करतील बिचाऱ्या. पुढारी रुसला, मागे फिरला, आणि पुढे संस्थेच्या प्रत्येक कामात खोडा घालत बसला. तेव्हापासून सरांनी खूणगाठ बांधली की नारळ फुटल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आपल्याकडे हे असंच आहे. नवा पूल तयार असतो, लोक मात्र होडीतून जातात, कारण फीत कापायची राहिलेली असते. सरांना वाटलं, नॉर्वेची माणसंही आपल्यासारखीच रुसत असतील.

बरं, मग बोलवा मॅडमना, मी म्हटलं. सर म्हणाले, बोलावलंय. जुलैचं मनात होतं, पण पावसात पाहुण्यांना आणायचं म्हणजे रस्त्यांचे हाल, म्हणून आपणच नको म्हटलं. मग गणपतीत कसं बोलावणार, गाव रिकामा नसतो. मग दसरा. दसऱ्याला झाली ती पूजा. दिवाळीनंतर मॅडमचंच काही जमेना. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. मी म्हटलं, मशीन काय निवडणुकीला उभं आहे का? सर म्हणाले, तसं नाही, पण जाहीर कार्यक्रम करायचा म्हणजे उगाच शंका नको. घ्या. बाईच्या पिशवीच्या तोंडाला आचारसंहिता लागली.

ह्या सगळ्या काळात ग्रेसचे मला व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे. किती बायका झाल्या? आता तरी किती झाल्या? मी तिला काय लिहू? लिहिलं की खोकं कपाटात आहे आणि त्याला झेंडूची माळ घातली आहे? मी नुसती हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. तिला वाटायचं मी नमस्कार करते आहे. मग तीही नमस्कार पाठवायची.

गंगाचा फोन दर थोड्या दिवसांनी यायचा. आधी हसत यायचा. शिस्टर, पाहुणे आले का? मग नुसतंच, उगडलं का? बाळा गणपतीला घरी आला तेव्हा त्यानेही विचारलं आणि ती म्हणाली, व्हनार, शिस्टरनी शब्द दिलाय. तारीख आता ठरते, मग ठरते असं वाटत राहिलं आणि कोल्हापूरचं मागे पडलं. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहायचे. विनवण्या केल्या, भांडून पाहिलं, एकदा तर रडलेसुद्धा, आणि मी चारचौघांत रडणारी बाई नाही. म्हटलं, गुपचूप उघडू, गंगाचं आणि अजून डाग सापडलेल्या बायकांचं काम उरकू, परत बंद करून ठेवू, मॅडम आल्या की त्यांच्यासमोर पुन्हा उघडू. कोणाला कळणार आहे? सर म्हणाले, शिस्टर, सील आहे त्याला. एकदा फाटलं की फाटलं. पुढचा टप्पा मिळायचाय आपल्याला, अजून चार तालुक्यांत काम करायचंय. एका बाईसाठी चार तालुके घालवू का? त्यांनी हे अगदी कळवळून सांगितलं. आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

मार्गशीर्षात गंगाच्या शेजारच्या वाडीतली एक बाई वारली. ह्याच कॅन्सरने. तिची कोणी कधी तपासणीच केली नव्हती, कळलं तेव्हा उशीर झालेला. तिचा आणि गंगाचा काही संबंध नाही. पण गावात संबंध जोडायला कितीसा वेळ लागतो? सासूने अन्नपाणी सोडलं. बाळा मुंबईहून रातोरात निघून आला. गंगाने मला फोन केला. शिस्टर, आज उगडलं तर आज येतंय, म्हणाली. त्या वेळी तिच्या आवाजात हसणं नव्हतं. मी सरांकडे धावले. सर रत्नागिरीत नव्हते, पुण्याला कसल्याशा परिषदेत लिंगसमानतेवर बोलायला गेले होते. फोनवर म्हणाले, आठ-पंधरा दिवस कळ काढायला सांगा, मॅडमची तारीख नक्की होतेय.

गंगाला आठ-पंधरा दिवस कोणी दिले नाहीत. तिची पिशवी काढली. मी भेटायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सानवी दारात खेळत होती. सासूने मला चहा दिला आणि म्हणाली, सुटली बिचारी. नंतर पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला तो बाळाने मला वाचायला दाखवला. कॅन्सरचा मागमूस नव्हता. तोच मे महिन्यातला डाग, तेवढाच. मी रिपोर्ट त्याच्या हातात परत दिला आणि म्हटलं, सगळं ठीक आहे. ठीक! ह्या एका शब्दासाठी मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सरांना मी सांगितलं. ते हळहळले, खरंच हळहळले. म्हणाले, वाईट झालं. मग म्हणाले, पण तारीख ठरली हं मॅडमची. शिमग्याच्या आधी.

मिरजोळ्याच्या ऑफिससमोर मंडप घातला. बॅनर लावला, त्याच्यावर ते लांबलचक नाव तीन ओळींत. व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या, त्यांच्यावर सर, सरपंच, दोन समाजसेवक आणि एक कुठल्यातरी बँकेचे साहेब. सगळे पुरुष. बायका खाली सतरंजीवर. मी बॅनरकडे बघितलं, लिंगसमानता हा शब्द बरोबर सरपंचांच्या डोक्यावर आला होता. मला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. टेबलावर खोकं, त्याला गुलाबी फीत. शेजारी ताटात नारळ, कुंकू आणि कात्री.

ऑफिसातल्या पोरींनी मेमध्ये डाग सापडलेल्या सगळ्या बायकांना फोन केले होते, या, तुमचा पहिला नंबर. पूर्णगडहून फिजा आली होती, तिचा नवरा कुवेतला असतो, ती एकटीच रिक्षाने आली. आणि मग मी बघते तर मागच्या ओळीत गंगा. हिरवी साडी, डोक्यात अबोलीचा वळेसर. तिला कोणी फोन केला? ज्या पोरीने केला तिला काय माहीत. मी तिच्याजवळ गेले. तू कशाला आलीस गो, मी म्हटलं. ती म्हणाली, बगायला. कसं हाय ते.

मारिट मॅडम आल्या. साठीच्या, पांढरे केस आखूड कापलेले, पायात साध्या चपला, खांद्याला शबनम. हार घालू लागले तर त्यांनी तो हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. सरांचं स्वागताचं भाषण झालं. सहकार्य हा शब्द त्यात इतक्या वेळा आला की मोजायचं सोडून दिलं. मग त्यांनी कात्री मॅडमपुढे केली.

मॅडमनी कात्री घेतली नाही. त्या माइकसमोर आल्या आणि इंग्रजीत बोलू लागल्या. माझं इंग्रजी ट्रेनिंगपुरतं, पण त्या सावकाश बोलत होत्या, मला सगळं कळलं. त्या म्हणाल्या, मी उद्घाटनाला आलेले नाही, इथे असा कार्यक्रम आहे हे मला आत्ताच कळलं. मी एक गोष्ट विचारायला आले आहे. तुम्ही दर वेळी कळवता की बायकांचा प्रतिसाद कमी आहे, त्या उपचाराला तयार होत नाहीत, समजावणं चालू आहे. मी समजू शकते. बाईचं शरीर, बाईची इच्छा, जबरदस्ती नको. पण हे मशीन इतके महिने पडून आहे, आणि दुसऱ्या देशांत ह्याची वाट बघणाऱ्या बायका आहेत. तुम्हाला नको असेल तर मनात कसलाही किंतु न ठेवता सांगा. मी ते परत घेऊन जाईन.

सर पांढरेफटक पडले. मग माइक ओढून त्यांनी भाषांतर केलं. मॅडम म्हणतात, इथे येऊन त्यांना अतिशय आनंद झाला. टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. उभं राहायचं असं मी ठरवलं वगैरे नव्हतं. अंगात आग लागली की माणूस उठतोच.

"असं नाही म्हणाल्या त्या," मी म्हटलं.

सर म्हणाले, शिस्टर, नंतर बोलू. मी म्हटलं, नंतर-नंतर करत वर्ष जायला आलं. आणि मी बायकांकडे तोंड करून सगळं मराठीत सांगितलं. तुम्ही तयार नाही असं त्यांना कळवलंय. तुम्हाला हे मशीन नको आहे असं कळवलंय. म्हणून त्या ते परत न्यायला आल्यात. फिजा चटकन उठून उभी राहिली. कोणी म्हटलं, आम्हाला विचारलंन कोणी? एक म्हातारी म्हणाली, मेल्यांनो, मी तर कधीची तयार आहे, मलाच कोणी बोलावलं नाही. सरपंच आपली टोपी सारखी करत बसले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, ते गोंधळलेले होते. ते हळूच म्हणाले, मग काय लिहायचं होतं मी? खोकं उघडलं नाही म्हणून लिहायचं? मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

तेवढ्यात मागून गंगा पुढे आली. बायकांनी पाय आखडून तिला वाट दिली. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली, मारिट मॅडमच्या अगदी समोर, आणि मला म्हणाली, शिस्टर, मी बोलतंय ते यांना सांगा. येक शबूद सोडू नका.

"मी तयार व्हतंय. मे म्हैन्यापास्नं तयार व्हतंय. घरात भांडलंय, नवऱ्याशी भांडलंय, तुमच्या मशीनवर इस्वास ठिवून थांबलंय. माजी पिशवी काढली मार्गेसरात. आता माला ह्याचा उपेग न्हाय. पन मी तयार न्हवतं असं कुनी लिवू नका."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझी वाक्यं मोडकी होती, पण एक शब्द सोडला नाही. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, पण आम्ही तर तुमच्या सुरुवात करण्याची वाट बघत होतो. आमचा नियम आहे, काम सुरू झाल्याशिवाय आम्ही भेटीला येत नाही. दर वेळी इथून निमंत्रण आलं की आम्ही म्हणायचो, आधी बायकांचं काम होऊ दे, मग येऊ. आमचं तिथे काय काम?

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. मॅडमच्या उत्तरातलं ते वाक्य त्यांना सभ्यपणाचं वाटलं होतं. आपल्याकडे पाहुणा आधी नको-नकोच म्हणतो, मग आपण आग्रह करायचा, अशी त्यांची समजूत. म्हणून ते आग्रह करत राहिले.

काय म्हनतात, गंगाने मला विचारलं. सांगणं भाग होतं.

"त्या आपण सुरू करायची वाट बघत होत्या."

"आन तुमी?"

"आम्ही त्यांची."

गंगा माझ्याकडे बघतच राहिली. ती ओरडली असती, तिने मला चार शिव्या घातल्या असत्या, तर मी वाचले असते. तिने नुसतं ताटाकडे बघितलं. मग कात्री उचलली, गुलाबी फीत बाजूला सारली आणि खोक्याच्या चिकटपट्टीवर टोक टेकवून सरळ रेषेत ओढलं. इतके महिने पवित्र असलेलं ते सील काजूच्या पोत्याचं तोंड फाटावं तसं फाटलं. सर जागचे हलले नाहीत. व्यासपीठावरचे बँकवाले साहेब टाळ्या वाजवायला गेले आणि मध्येच थांबले.

आतला स्पंज काढून गंगाने मशीन हातात घेतलं. हातात मावेल एवढंच असतं ते, आपल्या टॉर्चसारखं, फक्त पुढे एक बारीक दांडी. तिने ते उलटंसुलटं करून बघितलं. सानवीला एखादं खेळणं आणावं आणि ते चालतंय का बघावं, तसं.

"एवडंसं?" ती म्हणाली. "माला वाटलं केवडं मोटं आसंल."

मी मशीन तिच्या हातातून घेतलं आणि आत जाऊन चार्जिंगला लावलं. हिरवा दिवा लागेपर्यंत मंडपातून कोणी उठलं नाही. मारिट मॅडम व्यासपीठावरून उतरून सतरंजीवर बायकांत येऊन बसल्या. नारळ तसाच राहिला.

मग मी फिजाला आतल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. हात स्वच्छ, पडदा नीट, ग्रेसने शिकवल्याप्रमाणे एकेक करत गेले. फिजाने डोळे घट्ट मिटून घेतले होते. झालं, मी म्हटलं, तर ती डोळे उघडून म्हणाली, सुरू कधी केलंत?

बाहेर बाकावर गंगा बसली होती. फिजाची पर्स आणि तिचा दुपट्टा मांडीवर घेऊन. फिजा आत जाताना तिच्यापुढे कोणीतरी चहाचा कप ठेवला होता, त्यातून अजून वाफ येत होती. फिजा चालत बाहेर आली, दुपट्टा मागितला, डोक्यावरून घेतला.

"झालं?" गंगाने विचारलं.

फिजा म्हणाली, झालं.

गंगाने चहाच्या कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान फिरवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.